भूमिका नाही, प्रॉपर्टी मिळाली: मुलीने नाट्यशास्त्र सोडावं का?

निपाणीहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी मराठी घेऊन बीए झाली आणि कोल्हापूरला नाट्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात गेली. विभागाने यंदाची चार नाटकं जाहीर केली, त्यांतल्या एकातही तिला भूमिका नाही. एका नाटकाची रंगमंच व्यवस्था आणि दुसऱ्याची प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तूंची जबाबदारी, तिच्याकडे आली. ‘सामान उचलायला एवढं शिकवायचं का?’ असं घरचे विचारतात. तालमी उशिरा संपतात, शेवटची बस चुकते. आईंचा प्रश्न असा, की तिला तिथून काढून बीएडला घालावं का?

ताई, नमस्कार.

काढू नका. ही चार नाटकं हाच तिचा यंदाचा खरा अभ्यासक्रम आहे, आणि त्यात तिला मिळालेलं काम दुय्यम नाही. छोट्या भूमिकेतला नट आपल्या प्रवेशापुरता तालमीला येतो. रंगमंच व्यवस्था बघणारी व्यक्ती पहिल्या वाचनापासून शेवटच्या प्रयोगाचं सामान परत जाईपर्यंत रोज हजर असते. नाटक कसं उभं राहतं ते तिला सगळ्यांत जवळून दिसतं. मात्र ते शिकण्यासाठी काम नीट पद्धतीने करायला हवं.

सुरुवात संहितेच्या प्रतीपासून करायला सांगा. संहिता कागदाच्या एकाच बाजूला छापून फाइलला लावायची, म्हणजे समोरचं पान कोरं राहतं. त्या पानावर हालचाली, प्रकाशाचे आणि संगीताचे क्यू, म्हणजे बदल नेमका कधी करायचा त्याच्या खुणा, लिहायचे. तेही पेन्सिलने, कारण दिग्दर्शक तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळं बदलतो. प्रत्येक क्यूला क्रमांक द्यायचा आणि त्याच्या चार-पाच ओळी आधी ‘तयार’ अशी खूण करायची. नवी मुलं क्यू फक्त वाक्यावर लिहितात, ही नेहमीची चूक. प्रयोगात नटाने ते वाक्य गाळलं, की प्रकाशावर बसलेला मुलगा वाट बघत राहतो आणि पुढचे तीन क्यू कोसळतात. म्हणून वाक्यासोबत कृतीही लिहावी: ‘आई दार लावते’, ‘पत्र फाडलं’.

नेपथ्य साधारणपणे शेवटच्या काही दिवसांत हाती येतं. तोवर तालमीच्या जमिनीवर चिकटपट्टीने दारं, पायऱ्या, लेव्हल (उंचवटे) खऱ्या मापात आखून ठेवाव्यात. मापं अंदाजाने घेतली तर रंगीत तालमीत नट भिंतीतून चालत येतात, आणि पाठ झालेल्या हालचाली दोन दिवसांत मोडून पुन्हा बसवाव्या लागतात.

प्रॉपर्टीचं काम त्याहून बारीक. विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाला, एक टेबल घ्यायचं, त्यावर पांढरा कागद अंथरायचा, प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढून आत नाव लिहायचं. जागा रिकामी दिसली की वस्तू हरवल्याचं एका नजरेत कळतं. प्रयोगाच्या तासभर आधी, मध्यंतरात आणि पडदा पडल्यावर, अशी तीनदा तपासणी करावी. नाटकात पत्र फाडायचं असेल तर प्रयोग जितके तितक्या प्रती, वर दोन जास्त. पत्रावर मजकूर खरोखर लिहिलेला असावा. ऐनवेळी अडखळलेल्या नटाला तोच कागद वाचवतो. कपात चहा अर्धाच ओतावा. काडेपेटी लागणार असेल तर सादळलेली नाही ना ते त्याच दिवशी बघावं, आणि विंगेत वाळूची बादली हवीच.

जमलं तर तिने प्रकाशयोजनेच्या गटातही बसावं. गणित अवघड नाही. हजार वॅटचा एक पार कॅन (रंगमंचावरचा डब्यासारखा दिवा) २३० व्होल्टवर सव्वाचार अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. १५ अँपिअरच्या एका प्लगवर तीन चालतात. चौथा लावला की भार १७ अँपिअरच्या पुढे जातो, मग फ्यूज उडतो किंवा वायर तापते. हे कळणारी माणसं बेळगाव परिसरातल्या स्नेहसंमेलनांना, गणेशोत्सवातल्या देखाव्यांना, शिवजयंतीच्या चित्ररथांना लागतात, आणि या कामाचे पैसे मिळतात.

आता तिच्याकडची एक मोठी गोष्ट, जी तुमच्या पत्रात एका ओळीत उरकली आहे: तिला कन्नड लिहिता-वाचता येतं, आणि चारपैकी एक नाटक कन्नडमधून आलेलं आहे. तिने दिग्दर्शकाकडे स्वतःहून जाऊन मूळ संहितेशी भाषांतर ताडून बघण्याचं काम मागावं. नावांचे उच्चार, नात्यांची संबोधनं, म्हणींचा नेमका अर्थ हे वर्गात दुसऱ्या कुणाला सांगता येईलच असं नाही. पुढे कर्नाटकातल्या हेग्गोडूच्या नीनासम संस्थेत, जिथे १९८० पासून कन्नड माध्यमात नाट्यप्रशिक्षण चालतं, किंवा धारवाडच्या रंगायण या नाट्यसंस्थेत कामाची वाट शोधायची झाली तर हीच भाषा हाताशी येईल. संगीत रंगभूमी उभी करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या मुलीने या प्रदेशातून रंगभूमीकडे जावं यात नवल काहीच नाही.

बसची काळजी खरी आहे, ती तिच्यावर ढकलू नका. निपाणी ते कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर. तालीम वेळेत संपली तर रोजचं येणं-जाणं निभतं, पण तांत्रिक तालीम, रंगीत तालीम आणि प्रयोगांचे दिवस निभत नाहीत. तालमींचं लेखी वेळापत्रक मागून घ्या. तिच्या दोन्ही नाटकांच्या शेवटच्या आठवड्यापुरती वसतिगृहात पाहुणी म्हणून किंवा वर्गमैत्रिणीच्या खोलीवर सोय करा, आणि विभागप्रमुखांना ते आधी कळवा. इतर विषयांची हजेरीही बघा. सत्राच्या शेवटी तालमीचं कारण सांगून ती भरून निघत नाही.

बीएडचं दार बंद होत नाही. तिची मराठीची पदवी आहे, गुणांची अट पुरी होत असेल तर दोन वर्षांनीही तो मार्ग खुला असेल. उलट आत्ता सोडलं तर या विषयात प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट परीक्षेचा मार्ग जातो. यूजीसी नेटमध्ये नृत्य-नाट्य-रंगभूमी हा स्वतंत्र विषय आहे. त्यासाठी साधारणपणे पदव्युत्तर पदवी लागते, खुल्या प्रवर्गाला ५५ टक्के. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जायचं मनात असेल तर पदवीसोबत किमान सहा नाटकांतल्या सहभागाचा पुरावा मागतात. म्हणून प्रत्येक प्रयोगाचं तिचं नाव छापलेलं पत्रक, तारीख असलेले फोटो आणि विभागाचं प्रमाणपत्र एका फाइलमध्ये ठेवायला आजपासूनच सांगा. वर्ष संपल्यावर पत्रकं मिळत नाहीत.

आणि अभिनय? तिला तो करायचाच असेल तर पुढच्या निवडीची तयारी आत्ता सुरू करावी. दोन-तीन मिनिटांची दोन स्वगतं, एक गंभीर आणि एक हलकं, दोन्ही वेगळ्या वयाच्या पात्रांची. ज्या नाटकातून घेतली ते पूर्ण वाचलेलं असावं. नामांकित नटाची नक्कल परीक्षकांना पहिल्या ओळीत कळते. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचतो का, हे घरातल्या खोलीत कळणार नाही. तालीम संपल्यावर रिकाम्या सभागृहात एखाद्या मैत्रिणीला शेवटच्या रांगेत बसवून ऐकवावं. रंगमंच व्यवस्थेमुळे किल्ली बहुधा तिच्याच हातात असेल.

एका प्रयोगाला तुम्ही घरचे जा. पडदा पडल्यावर तिला विंगेतलं ते टेबल दाखवायला सांगा.