‘तिसऱ्या मॅचला टो उडाला!’

प्रश्न : दादा, मी आणि माझा मेहुणा मिळून काश्मीर विलोच्या बॅटी ऑनलाइन विकतो. छोटंच काम आहे, बॅट तयार येते, ग्रिप, पॉलिश आणि आमचं स्टिकर इथे सांगलीत लावतो. मागच्या आठवड्यात एकाने फोटोसकट एक स्टार टाकला, ‘तिसऱ्या मॅचला टो उडाला, पैसे वाया’, म्हणजे बॅटचं खालचं टोक फुटलं. तेव्हापासून ऑर्डरी निम्म्यावर आल्यात. मेहुणा म्हणतो घरातल्या दहा फोनवरून पाच-पाच स्टार टाकू आणि त्याला वकिलाची नोटीस पाठवू. काय करू?

उत्तर : मेहुण्याकडून आधी फोन काढून घ्या. चेष्टा नाही करत, 2020 च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांत सरळ लिहिलंय की विक्रेत्याने ग्राहक बनून रिव्ह्यू टाकायचा नाही. आणि एका दिवसात दहा जण ‘खूप छान बॅट’ म्हणायला लागले की ते गिऱ्हाइकाला कळतंच हो, आपणही मोबाईल घेताना तेच बघतो ना. नोटिशीचं तर नावच काढू नका, एका बॅटपायी तो माणूस ती नोटीसच सगळ्या ग्रुपवर फिरवेल.

आता तो फोटो झूम करून बघा. टोला उभी चीर गेलीय का तुकडाच उडालाय, की हँडल सांध्यातून हललंय? हँडल सांध्यातून सुटलं असेल तर बहुतेक माल खराब, मुकाट्याने बदलून द्या आणि त्याच लॉटच्या बाकीच्या बॅटी कपाटातून काढून तपासा. टो असेल तर भानगड वेगळी. नवी बॅट नॉक न करता, म्हणजे हातोड्याने ठोकून तयार न करता, सीझन बॉलवर (कडक चामडी चेंडूवर) नेली आणि यॉर्कर बसला की टो जातोच, त्यात पावसाळ्यात ओल्या मॅटवर बॅट टेकवत खेळलं तर खालून पाणी शोषून लाकूड फुगतं. पण खरं सांगा, हे तुम्ही त्याला विकताना सांगितलं होतं का? जवसाचं तेल पातळ हाताने दोन-तीनदा, दरवेळी बॅट आडवी ठेवून सुकवायची, मग लाकडी हातोड्याने हळूहळू काही तास ठोकायची, हे तुमच्या पेजवर कुठेच नसेल तर तो एक स्टार मी तुम्हालाच देईन.

रिव्ह्यूखाली उत्तर लिहाच, पण वाद घालायला नको, ते पुढचं गिऱ्हाईक वाचणार आहे म्हणून लिहा. एवढंच पुरे : ‘बॅट फुटली याचं वाईट वाटलं. नॉकिंगची माहिती आम्ही दिली नव्हती, आता प्रत्येक बॅटसोबत कार्ड देतोय. तुमची बॅट बदलून देतो, मेसेज करा.’ त्याचा नंबर, ऑर्डर वगैरे तिथे उघड टाकायची नाही. आणि बदलून देताना ‘रिव्ह्यू काढाल ना?’ असं विचारायचं नाही, तो स्वतःहून बदलेल तर बदलेल, नाहीतर राहू दे. ‘तुम्हाला वापरता आली नाही’ हे वाक्य तर चुकूनही नको, खरं असलं तरी.

एक-दोन वाईट रिव्ह्यू असलेलं दुकान मला तरी जास्त खरं वाटतं, पण तीन महिन्यांत तिसऱ्यांदा टोचीच तक्रार आली तर मग माल देणाऱ्याशी बोलायची वेळ आली समजा.

आणि नोटिशीला जे पैसे घालणार होतात त्यात रबरी टो गार्ड आणा, ठोकमध्ये स्वस्त पडतात, मेहुण्याला चिकटवायला बसवा.