नव्या विकास आराखड्यात आमच्या वसाहतीची घनता वाढणार आहे. रहिवाशांनी विरोध करावा का, आणि हरकत कशी लिहावी?

घनता वाढणार आहे, एवढ्याच कारणासाठी विरोध करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या वसाहतीने एकेकाळी नेमका असाच विरोध केला होता आणि त्यात आम्ही काय गमावले, हे मी रोज पाहतो.

आमच्याकडे बहुतेक घरे बैठी किंवा एकमजली होती. प्रारूप आराखड्यात दोन बदल सुचवले होते. मुख्य रस्त्यालगतच्या भूखंडांचा एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, एकवरून दोन होणार होता, आणि मागच्या बाजूचा, मैदानासाठी राखलेला भूखंड आरक्षणातून वगळून निवासी केला होता. नकाशा कार्यालयाच्या जिन्याशेजारच्या भिंतीवर लावलेला होता. जुन्या नकाशात जो चौकोन हिरवा होता, तो नव्यात निवासी वापराचा पिवळा झाला होता, आणि तो एवढा लहान होता की मी त्यावर बोट ठेवेपर्यंत सोबत आलेल्या चौघांपैकी कोणाच्याही ते लक्षात आले नाही.

वसाहतीच्या सभेत मी म्हणालो की आपण सगळी ताकद मैदानासाठी लावू, रस्त्यालगत चार मजले होत असतील तर होऊ द्यावेत. त्यावर तेव्हाचे अध्यक्ष उभे राहिले आणि त्यांनी सर्वांदेखत मला विचारले, "बिल्डरने तुम्हाला किती दिले?" माझे घर आतल्या गल्लीत होते, जिथे एफएसआय वाढणारच नव्हता, मला त्यातून एक पैसाही मिळणार नव्हता. तरीही त्या प्रश्नानंतर माझ्या बाजूने कोणी बोलले नाही. शेवटी 'घनतावाढीस आमचा तीव्र विरोध आहे' असे एकच छापील पत्र तयार झाले आणि दोनशेहून अधिक जणांनी त्याच्या एकेका प्रतीवर सह्या केल्या. मैदानाचा उल्लेख त्यात अगदी शेवटी, 'तसेच' या शब्दानंतर आला होता. सगळी पत्रे एकसारखी असल्यामुळे सुनावणीत ती एकत्रच घेतली गेली आणि दहा मिनिटांत आमचे काम संपले. अंतिम आराखड्यात एफएसआय पूर्वीइतकाच राहिला, मैदान मात्र गेले. आज त्या जागी इमारत उभी आहे आणि मुले उभ्या गाड्यांच्या मधून खेळतात.

मजले वाढले की गर्दी वाढते, हे अध्यक्षांचे म्हणणे मला तेव्हाही पटले नव्हते. एक हजार चौरस मीटरच्या भूखंडावर एफएसआय दोन असेल, तर बांधकाम दोन हजार चौरस मीटरच होते. निम्मा भूखंड व्यापला तर चार मजले होतात आणि फक्त दहावा हिस्सा व्यापला तर वीस. जिने आणि मार्गिका क्षणभर बाजूला ठेवल्या, तर त्याच बांधकामात 100 चौरस मीटरची वीस घरे बसतात किंवा 40 चौरस मीटरची पन्नास. माणसे किती येणार हे इमारतीची उंची पाहून कळत नाही. पॅरिसच्या मध्यभागी बहुतेक इमारती सहा-सात मजल्यांच्याच आहेत, आणि तरीही ते युरोपातील सर्वाधिक दाट वस्तीच्या शहरांपैकी एक आहे.

मला याहून महत्त्वाचे वाटते ते बार्सिलोनाचे उदाहरण. अभियंता इल्देफोन्स सेर्दा यांनी 1859 मध्ये तिथल्या विस्ताराचा आराखडा केला, तेव्हा चारही बाजूंनी रस्ते असलेल्या प्रत्येक चौकोनी गटाच्या दोनच बाजूंना इमारती आणि मध्ये बाग अशी कल्पना होती. पुढे मालकांनी चारही बाजू बांधून काढल्या, मजले चढवले आणि आतली मोकळी जागाही व्यापली. वीस मीटर रुंदीचे रस्ते मात्र आधीच आखलेले असल्यामुळे टिकले, आणि एवढ्या दाट वस्तीचा भार ते आजही पेलतात. आतल्या बागा मात्र गेल्या काही दशकांत एकेक करून परत मिळवाव्या लागत आहेत. मजले केव्हाही चढवता येतात, पण गेलेली मोकळी जागा सहसा परत मिळत नाही, एवढेच मी त्या सभेत सांगू पाहत होतो.

हरकतीविषयी थोडक्यात सांगतो. छापील पत्रावर सह्या गोळा करू नका. प्रत्येकाने आपल्या शब्दांत, एका पत्रात एकच मागणी, भूखंड क्रमांक आणि नकाशातील नेमकी जागा देऊन लिहावी आणि पत्राची पोच घ्यावी. विरोधापेक्षा अट घालणे अधिक उपयोगी पडते: वाढीव बांधकामाला परवानगी देण्याआधी जलवाहिनी आणि मलवाहिनीची क्षमता वाढवावी, आणि शाळा, दवाखाना व मैदान यांची आरक्षणे कायम ठेवावीत.

तुमचा आराखडा मी पाहिलेला नाही, हेही सांगायला हवे. तुमच्याकडे पावसाचे पाणी आताच घरांत शिरत असेल, किंवा अग्निशमन दलाचा बंब वळू शकणार नाही इतका रस्ता अरुंद असेल, तर वाढीव एफएसआयला विरोध करणेच योग्य ठरेल; फक्त ते कारण पत्रात मोजमापांसह लिहा. आणि तुमच्या सभेत वेगळे मत मांडणाऱ्याला कोणी 'किती पैसे घेतले' असे विचारले, तर निदान एकाने उठून त्याचे बोलणे पूर्ण होऊ द्या, असे म्हणावे. आमच्याकडे त्या दिवशी तसे कोणीही म्हटले नाही.