गाणी कार्डात, पण हाती लागेनात

प्रश्न: शास्त्रीय गाण्यांचे कलाकारवार फोल्डर करून प्लेअरमध्ये टाकले. तरी भीमसेन जोशी यादीत तीनदा दिसतात आणि एकच मैफल फुटून दोन अल्बम होतात. असं का? – एक वाचक, धरमपेठ

उत्तर: ‘आर्टिस्ट’, ‘अल्बम’ या याद्या करताना प्लेअर तुमच्या फोल्डरकडे बघतच नाही. फाइलच्या आत लिहिलेले टॅग, म्हणजे गायक, अल्बम, गाण्याचं नाव अशा नोंदी, तो वाचतो. कुठे ‘भीमसेन जोशी’, कुठे ‘पं. भीमसेन जोशी’, कुठे रोमन लिपीत. त्याच्या लेखी ही तीन माणसं.

गाण्यांची एक प्रत आधी दुसरीकडे काढून ठेवा. विंडोजवर एमपी३टॅग हे मोफत सॉफ्टवेअर टाका, एका गायकाच्या सगळ्या फाइली निवडा, डावीकडे ‘आर्टिस्ट’च्या रकान्यात एकच नाव लिहा आणि सेव्ह करा. बाकीच्या ज्या रकान्यात फाइलींची माहिती वेगवेगळी आहे तिथे ‘कीप’ असं दिसेल. त्याला हात लावू नका. तिथे चुकून एका रागाचं नाव टाइप झालं, की निवडलेल्या सगळ्या फाइलींचं तेच नाव होतं. ‘पं.’ आणि ‘उस्ताद’ही वगळा. आदर कमी होत नाही, पण यादी अक्षरवार लागते आणि निम्मे गायक ‘प’खाली गोळा होतात.

मैफल फुटते ती ‘अल्बम आर्टिस्ट’मुळे. जुगलबंदी असो की तीन गायकांची सभा, ‘आर्टिस्ट’मध्ये ज्याचं त्याचं नाव द्या, ‘अल्बम आर्टिस्ट’ आणि ‘अल्बम’ मात्र सगळ्या फाइलींना अक्षरशः सारखे हवेत. रागासाठी वेगळा रकाना नसतो, तेव्हा ‘जॉनर’ (संगीतप्रकार) हा रकाना वापरा. तिथे ‘क्लासिकल’ लिहून काय उपयोग? तुमच्याकडे सगळं तेच आहे. ‘मारवा’, ‘यमन’ असं लिहिलंत तर जॉनरची यादी हीच रागांची यादी होते.

विलंबित आणि द्रुत वेगळ्या फाइलींत असतील तर मध्ये क्षणभर आवाज तुटू शकतो. एमपी३ बनतानाच फाइलीच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते आणि ती गाळणं प्रत्येक प्लेअरला जमत नाही. सीडी हाताशी असेल तर दोन्ही भागांची मिळून एकच फाइल करा, नाहीतर फ्लॅक या, आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फाइल प्रकारात काढा. ३२० केबीपीएसचा, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचा एमपी३ मिनिटाला २.४ एमबी घेतो, फ्लॅकला साधारण दुप्पट जागा लागते.

टॅग बदलल्यावर प्लेअरच्या सेटिंगमधून लायब्ररी अपडेट करायला विसरू नका. नाहीतर जुनीच यादी दिसत राहते.

प्रश्न: दीक्षाभूमीवरून घेतलेल्या भीमगीतांच्या सीडींचे एमपी३ केले. मराठी नावांच्या जागी चौकोन येतात आणि कारच्या स्टीरिओवर क्रम भलताच लागतो. – एक वाचक, इंदोरा

उत्तर: ही दोन वेगळी दुखणी आहेत. एमपी३मधल्या टॅगच्या पद्धतीला आयडी३ म्हणतात. तिच्या पहिल्या आवृत्तीत नावाला ३०च अक्षरं मिळतात आणि देवनागरी बसत नाही. २.४ ही आवृत्ती पुष्कळ जुन्या प्लेअरना वाचता येत नाही. एमपी३टॅगच्या ऑप्शन्समध्ये टॅग्ज, मग एमपीईजी उघडा, लिहिण्यासाठी आयडी३ २.३, यूटीएफ-१६ (यात देवनागरी बसते) हा पर्याय निवडा आणि सगळ्या फाइली पुन्हा सेव्ह करा. तरीही चौकोनच आले तर प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्ट नाही असं समजा. मग रोमन लिपीशिवाय इलाज नाही. फक्त एका गायकाचं एकच स्पेलिंग ठरवा.

क्रमाचं कारण वेगळं. बरेच स्टीरिओ आणि स्वस्त प्लेअर नाव बघत नाहीत. फाइली ज्या क्रमाने पेनड्राइव्हवर नोंदल्या गेल्या, त्याच क्रमाने वाजवतात. नावाआधी 01, 02 असे दोन आकडी क्रमांक द्या (नुसता 2 लिहिला तर 10 त्याच्या आधी लागू शकतो) आणि मग ड्राइव्हसॉर्टसारख्या छोट्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवरच्या नोंदी क्रमाने लावून घ्या. नंतर मधेच एक गाणं टाकलंत की ते शेवटी जातं; पुन्हा एकदा सॉर्ट करावं लागेल.

प्रश्न: बर्डीवरून ६४ जीबीचं कार्ड आणलं. मोबाइलमध्ये चालतं, जुना प्लेअर ओळखत नाही. कार्ड नकली आहे का? – एक वाचक, महाल

उत्तर: तेवढ्यावरून नकली म्हणता येणार नाही. कार्डावर फाइली मांडण्याच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. ६४ जीबीची कार्डं एक्सफॅट पद्धतीत येतात, जुन्या प्लेअरना फॅट३२ लागतं. विंडोजची नेहमीची फॉरमॅट खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२चा पर्याय देत नसेल, तर रूफस या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘नॉन बूटेबल’ निवडून फॉरमॅट करा. कार्डावरचं सगळं पुसलं जाईल. तरीही ओळखलं नाही, तर त्या प्लेअरची मर्यादाच ३२ जीबीची असावी.

प्रश्न: मे महिन्यात प्लेअर दिवसभर उन्हात गाडीत राहिला. आता मागचं झाकण उचललं गेलंय. – एक वाचक, मनीषनगर

उत्तर: बॅटरी फुगली आहे. चार्जिंगला लावू नका, झाकण दाबून बसवू नका, टोचू तर अजिबात नका. प्लेअर बंद करा, कार्ड सहज निघत असेल तर काढून घ्या आणि बॅटरी दुरुस्तीवाल्याकडूनच बदला. बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीत तापमान त्याहून बरंच वर जातं. कार्ड मात्र बहुधा शाबूत असेल. कार्ड रीडरमध्ये घालून गाणी आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.