सांता क्यारा: राजा अनवाणी का झोपलाय?

प्रश्न: नेपल्सला गेलो होतो तेव्हा गाईडने सांता क्यारा चर्चला नेलं, म्हणाला इथे राजेरजवाडे पुरलेत. आत बघतो तर भलामोठा रिकामा हॉल, भिंती कोऱ्या, वर छताच्या उघड्या कैच्या. इटलीत बाकी सगळीकडे डोळे दिपतात आणि इथे काहीच नाही. मुख्य वेदीच्या मागे राजाची कबर, तर तो राजाही संन्याशाच्या झग्यात, अनवाणी! पैसे संपले होते का?

उत्तर: पैसे नाही हो संपले, पैसे भरपूर होते. १३१० मध्ये हे चर्च सुरू केलं ते नेपल्सच्या आंजू घराण्यातल्या राजा रॉबर्टने आणि त्याच्या राणीने, सांचाने, म्हणजे थेट दरबारी काम. पण बांधलं कोणासाठी ते बघा. क्लारा पंथाच्या जोगिणी आणि फ्रान्सिस्कन साधू, दोघांचेही मठ याच आवारात, आणि दोघांचंही व्रत गरिबीचं. म्हणून मधे खांबांच्या रांगा नाहीत, एकच लांबरुंद दालन आणि दोन्ही बाजूंना छोटी चॅपल्स, प्रवचन ऐकायला गर्दी बसेल असं. वेदीमागच्या भिंतीपलीकडे जोगिणींचं वेगळं दालन होतं, लोकांच्या नजरेआड, आणि तिथे चक्क जॉत्तोने, त्या काळच्या नावाजलेल्या चित्रकाराने, चित्रं काढली होती, आता त्यातले तुकडेच उरलेत.

राजाच्या अनवाणी पायांचं म्हणाल तर त्यामागे घरचीच गोष्ट आहे. रॉबर्टचा मोठा भाऊ लुई, खरं तर गादी त्याची, पण तो गादी सोडून फ्रान्सिस्कन साधू झाला म्हणून रॉबर्ट राजा झाला, आणि पुढे १३१७ मध्ये पोपने लुईला संत घोषित केलं. म्हणजे मुकुट याला मिळाला तो भावाने टाकला म्हणून! १३४३ मध्ये रॉबर्ट गेला, मग फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी आणि पाचो बेर्तिनी या भावांनी त्याची कबर घडवली. त्यात राजा एकदाच नाही दिसत, वर सिंहासनावर बसलेला राजा आणि खाली तोच मेलेला, अंगात पंथाचा झगा, पाय उघडे, पण मुकुट मात्र डोक्यावर तसाच (तेवढा काही सुटला नाही). त्याच्या मागे रडणाऱ्या सात बायका कोण माहितीये? व्याकरण, तर्क, गणित, संगीत वगैरे सात विद्या. रॉबर्टला लोक शहाणा राजा म्हणायचे, पेत्रार्कसारखा कवी त्याच्यासमोर परीक्षा द्यायला आला होता, म्हणून राणीदासी न रडता विद्या रडतायत. मला तर पूर्ण चर्चमध्ये हीच कल्पना सगळ्यात भारी वाटते.

आता कोऱ्या भिंती. तुम्ही दोनशे वर्षांपूर्वी गेला असतात तर तुमचेही डोळे दिपले असते, कारण १७४२ पासून पंचवीसेक वर्षं खपून आतून सगळं बरोक, म्हणजे भपकेबाज शैलीचं, करून टाकलं होतं, सोनेरी नक्षी, संगमरवर, छतावर चित्रं. मग ४ ऑगस्ट १९४३, दोस्तराष्ट्रांचे बॉम्ब पडले, आग लागली आणि छतासकट ते सगळं गेलं. रॉबर्टची कबरही फुटली, तुम्ही बघितलीत ती उरलेली. पण जळून गेल्यावर खालच्या जुन्या गॉथिक भिंती उघड्या पडल्या, आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी ठरवलं की बरोक परत नकली बनवायचं नाही, १४व्या शतकातलंच रूप ठेवायचं. १९५३ ला चर्च पुन्हा उघडलं. १८व्या शतकातली चित्रं गेल्याची हळहळ वाटणारे आजही आहेत आणि त्यांचं चुकतंय असंही नाही, पण खोटं सोनं लावण्यापेक्षा हे बरं, असं आपलं माझं मत.

प्रश्न: एवढी गरिबी होती तर मग मागच्या अंगणात रंगीत टाइल्सची चैन कशी काय?

उत्तर: पकडलंत बरोबर. ते चारशे वर्षांनंतरचं काम, १७३९ ते १७४२. तोवर मठात मोठमोठ्या घराण्यांतल्या मुली यायला लागल्या होत्या. व्हाक्कारो नावाच्या वास्तुकाराने आराखडा केला, मास्सा कुटुंबाने टाइल्स रंगवल्या, ६४ अष्टकोनी खांब आणि त्यावर चढत गेलेल्या द्राक्षवेली. पण बाकांवरची चित्रं नीट बघा, देवाधर्माचं जवळजवळ काहीच नाही! मासेमारी, शिकार, नाच, बंदरातली जहाजं, म्हणजे ज्यांनी उंबरठा ओलांडायचा नाही त्यांच्यासाठी बाहेरचं जग बाकावर. फक्त एका चित्रात मठ आहे, त्यात एक जोगीण मांजरांना खायला घालतेय.

प्रश्न: नेपल्सचा शेवटचा राजा पण इथेच पुरलाय का?

उत्तर: हो, बूर्बाँ घराण्याच्या चॅपलमध्ये, वेदीकडे तोंड केलं की उजवीकडचं शेवटचं. फ्रान्सिस दुसरा. १८६१ मध्ये राज्य गेलं, १८९४ मध्ये परदेशात वारला आणि त्याच्या अस्थी इथे आल्या त्या थेट १९८४ ला.