लग्नं, यात्रा, मिरवणुकांचं फुटेज साठत चाललंय, हवी ती क्लिप सापडत नाही. मेटाडेटाचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात लग्नं आणि उत्सवांचं शूटिंग-एडिटिंग करता, फोल्डर तारखेप्रमाणे लावलेले आहेत, तरी जुना शॉट शोधण्यात अर्धा दिवस जातो. मेटाडेटानं, म्हणजे क्लिपसोबत नोंदवलेल्या माहितीनं, हे सुटेल का आणि सुरुवात कुठून करायची, असा तुमचा प्रश्न आहे. मीही इथंच एडिटिंग करतो, जास्त करून माहितीपट आणि यात्रा-उत्सवांचं काम. सुटतं, पण एका अटीवर. कार्ड ज्या दिवशी रिकामं केलं त्याच दिवशी क्लिपांना चार शब्द लावायचे. आठवड्यानं बसलात की कोणती सासनकाठी कोणत्या गावची, हे तुमच्याही लक्षात राहत नाही.

फोल्डरची अडचण अशी की क्लिप एकाच जागी राहते. चैत्र यात्रेतला एक शॉट घ्या. त्यात जोतिबाचा डोंगर आहे, गुलाल आहे, सासनकाठी आहे, मागं हलगी वाजतेय, आणि तो स्लो मोशनमध्ये घेतलाय. 'चैत्र यात्रा २०२४' या फोल्डरला एवढंच माहीत की तो कधी घेतला. पुढं कुणी विचारतं, 'गुलाल उधळतानाचा स्लो मोशन द्या, वर्ष कुठलंही चालेल.' या प्रश्नाचं उत्तर फोल्डरकडं नसतं. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र एक स्मार्ट बिन, म्हणजे अटी देऊन आपोआप भरणारा कप्पा, करायचा: कीवर्ड 'गुलाल' आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) ५० किंवा त्याहून जास्त. त्या प्रोजेक्टमधल्या सगळ्या वर्षांच्या तशा क्लिपा आपोआप एकत्र येतात, आणि नवीन क्लिपला तो कीवर्ड लावला की तीही तिथं येऊन बसते. प्रीमिअरमध्ये याला सर्च बिन म्हणतात, फायनल कटमध्ये स्मार्ट कलेक्शन.

यातला फ्रेम रेट कॅमेऱ्यानंच लिहून ठेवलेला असतो. तारीख, टाइमकोड, रिझोल्युशन, कोडेक हेही फुकट मिळतं. ते पुन्हा टाइप करण्यात वेळ घालवू नका. कॅमेऱ्याला जे कळत नाही तेवढंच आपण लिहायचं: कोण आहे, कुठं आहे, काय चाललंय, आवाज वापरण्यासारखा आहे का. आवाजाबद्दल मी आग्रहानं सांगतो, कारण ते कुणीच लिहीत नाही. खासबागेतल्या कुस्तीचा हललेला, टाकाऊ शॉट असतो, पण त्यात हलगी आणि घुमकं स्वच्छ आलेलं असतं. 'आवाज चांगला' एवढा कीवर्ड नसेल तर तो शॉट कायमचा गाडला जातो.

शब्दांची यादी आधी ठरवा आणि ती भिंतीवर लावा. सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. एक जण 'जोतिबा' लिहितो, दुसरा 'ज्योतिबा', तिसरा इंग्रजी कीबोर्डवरून जमेल तसं 'ज्योतीबा'. माणसाला तिन्ही एकच, संगणकाला तीन वेगळे देव. देवळाचं तसंच, कुणी अंबाबाई लिहितं, कुणी महालक्ष्मी. कोणताही एक शब्द घ्या, पण हाताखालच्या पोरांसकट सगळ्यांनी तोच वापरायचा. रिझॉल्व्ह कीवर्ड टाइप करताना आधी वापरलेले शब्द सुचवतं, त्यातूनच निवडायची सवय लावा. यादी तीस-चाळीस शब्दांच्या वर नेऊ नका, नाहीतर आठवत नाही म्हणून कुणी वापरतच नाही.

शब्द निवडताना स्वतःला विचारा, पुढं ही क्लिप कोण आणि काय म्हणून मागेल? पुराचं फुटेज हे याचं चांगलं उदाहरण. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही पुरांतलं पाणी पडद्यावर सारखंच दिसतं. नुसतं 'पंचगंगा, पूर' लिहिलेल्या क्लिपचा पत्रकाराला किंवा अभ्यासकाला फारसा उपयोग नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. शूटिंगच्या वेळी पाणी किती फुटांवर होतं, कोणती गल्ली, कोणत्या दिशेला तोंड करून, हे वर्णनाच्या रकान्यात असेल तर दोन वर्षांचे शॉट शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येते. त्या फुटेजला दस्तऐवजाची किंमत येते. आपल्या गावाचं एवढं काही शूट होतं आणि हार्ड डिस्कांमध्ये बिननावाचं पडून राहतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता वेळेचा घोळ, कारण लग्नाच्या कामात तो हमखास येतो. एमपीफोर आणि क्विकटाइम फाइलमध्ये तारीख-वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहावी असा नियम आहे. मोबाइल तो पाळतात. बरेच कॅमेरे मात्र घड्याळात लावलेली स्थानिक वेळ तशीच लिहितात. त्यामुळं मोबाइल आणि कॅमेऱ्याच्या क्लिपा वेळेनुसार लावल्या की दोन्हींत बरोबर साडेपाच तासांचं अंतर दिसतं, आणि अक्षता पडायच्या आधीच पंगती उठलेल्या असतात. एक्झिफटूल नावाचं मोफत साधन आहे, त्यानं एका गटाच्या सगळ्या फाइलींची वेळ एकदम पुढं-मागं करता येते. हे प्रतीवर करा, मूळ फाइलींवर नको. शूटिंगला निघण्याआधी सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं एकत्र जुळवा, हे तर पहिलं काम.

विंडोजमधल्या 'क्रिएटेड' तारखेवर विसंबू नका, फाइल कॉपी केली की ती बदलते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या व्हिडिओवरही नको: त्यात मूळ वेळ आणि ठिकाण उरत नाही, चित्रही दाबलेलं असतं, आणि फाइलीच्या नावातली तारीख पाठवण्याची असते. नातेवाइकांना सांगा, व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

लिहिलेला मेटाडेटा राहतो कुठं, हे समजून घ्या. रिझॉल्व्हमध्ये तो प्रोजेक्टच्या डेटाबेसमध्ये राहतो, व्हिडिओच्या फाइलीत जात नाही. नुसती डिस्क दुसऱ्या एडिटरला दिली तर तुमचे कीवर्ड त्याच्याकडं पोचत नाहीत. म्हणून काम संपलं की फाइल मेनूमधून मीडिया पूलचा (प्रोजेक्टमधल्या सगळ्या क्लिपांचा) मेटाडेटा सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची फाइल, म्हणून बाहेर काढा आणि फुटेजच्याच फोल्डरमध्ये ठेवा. नव्या प्रोजेक्टमध्ये तीच फाइल आयात करता येते, शिवाय एक्सेलमध्ये उघडून वाचताही येते. प्रीमिअरमध्ये दोन भाग असतात. क्लिपचा मेटाडेटा प्रोजेक्टमध्ये राहतो, तर फाइलचा मेटाडेटा एक्सएमपी या पद्धतीनं फाइलीत किंवा शेजारच्या छोट्या फाइलीत लिहिला जातो. एक्सएमपी अडोबीनं २००१ मध्ये आणली, २०१२ मध्ये ती आयएसओ मानक झाली, म्हणून ती इतर सॉफ्टवेअरनाही वाचता येते.

याच कारणासाठी कार्डावरून नुसत्या व्हिडिओ फाइली उचलू नका, आख्खं फोल्डर आहे तसं घ्या. सोनीच्या कॅमेऱ्यात प्रत्येक क्लिपबरोबर त्याच नावानं सुरू होणारी छोटी एक्सएमएल फाइल असते, तिच्यात क्लिपची माहिती असते. डीजेआयच्या ड्रोनमध्ये कॅप्शनचा पर्याय चालू असेल तर एसआरटी फाइलीत उड्डाणाची माहिती येते. आणि फाइलींची नावं एक्सप्लोररमधून बदलू नका, जुन्या प्रोजेक्टांचे दुवे तुटतात. नाव बदलायचंच असेल तर रिझॉल्व्हमधलं क्लिप नेम बदला, मूळ फाइलीला धक्का लागत नाही.

सीन, शॉट, टेक हे रकाने मात्र लग्नाच्या कामात रिकामे सोडा. ते क्लॅपच्या पाटीवरून आलेत, ठरवून घेतलेल्या कथापटांसाठी. 'प्रभात' फिल्म कंपनी १९२९ मध्ये याच गावात सुरू झाली. पुढं बोलपट आले, चित्र आणि आवाज वेगवेगळे नोंदले जाऊ लागले, तेव्हा ते जुळवायला अशा पाटीवरचा आकडा आणि टाळीचा आवाज लागायचा. तुम्ही कधी शॉर्टफिल्म केलीत तर तेव्हा ते रकाने भरा.

प्रत्येक क्लिप टॅग करायच्या नादाला लागू नका. एका जागचे सगळे शॉट निवडून ठिकाण आणि प्रसंग एकदम लावा, मग चांगल्या शॉटांना तेवढं वेगळं वर्णन द्या. लांब भाषण असेल तर फायनल कटमध्ये त्यातल्या वीस सेकंदांच्या तुकड्यालाच कीवर्ड लावता येतो. रिझॉल्व्हमध्ये त्या तुकड्यावर तेवढ्या लांबीचा मार्कर (खूण) टाका किंवा त्याची वेगळी सबक्लिप करा.

आणि सुरुवात जुन्या डिस्कांपासून करू नका, दमाल आणि सोडून द्याल. पुढच्या लग्नापासून सुरू करा. जुनं फुटेज कुणी मागितलं म्हणून उघडलंत की सापडलेल्या क्लिपांना तेवढे कीवर्ड लावून, सीएसव्ही काढून, मगच डिस्क कपाटात ठेवा.