बावड्याचा बंधारा आणि बेलुगा

प्रश्न : बाई, नमस्कार. माझा नातू सहावीत आहे. बेलुगा नावाचा मासा आमच्या माजघराहून लांब असतो आणि त्याची अंडी भारी किमतीला विकतात, असं त्यानं टीव्हीवर पाहिलं. बेलुगा म्हणजे देवमासाच ना? आणि असला मासा आपल्या पंचगंगेत का नाही, हे त्याला सांगायला मला जमेना.
– एक आजोबा, कसबा बावडा

उत्तर : आजोबा, नातवानं पाहिलं ते खरं आहे. पण हा देवमासा नव्हे. रशियन भाषेत 'बेली' म्हणजे पांढरा. त्यावरून पांढऱ्या देवमाशालाही नाव पडलं आणि या माशालाही, म्हणून घोटाळा होतो. बेलुगा हा कल्ल्यांनी श्वास घेणारा, स्टर्जन कुळातला सगळ्यांत मोठा मासा. १८२७ साली व्होल्गा नदीच्या मुखाकडे धरलेल्या एका मादीची नोंद ७.२ मीटर आणि १,५७१ किलो अशी आहे.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे तेव्हा आमच्याकडे बरणीत हातभर लांबीचा एक स्टर्जन होता. बेलुगा नव्हे, त्याचा चुलतभाऊ. दरवर्षी मी तो बाहेर काढून मुलांना शेपटीकडून डोक्याकडे पाठीवरून बोट फिरवायला लावायची. बोट अडायचंच. कारण याच्या अंगावर आपल्या रोहू-कटल्यासारखे खवले नसतात, हाडाच्या टोकदार ढालींच्या पाच रांगा असतात : पाठीवर एक, दोन्ही कुशींना एकेक, पोटाच्या दोन्ही कडांना एकेक. आतला सांगाडा मात्र बहुतेक कूर्चेचा, म्हणजे हाडाहून मऊ आणि लवचीक. तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला, त्याच्यापुढे चार मिशा.

आता त्याचं गाव. कॅस्पियन, काळा आणि अझोव्ह हे तीन समुद्र; पूर्वी इटलीजवळच्या अॅड्रियाटिकमध्येही असायचा. वाढतो समुद्रात, अंडी घालायला मात्र चढतो व्होल्गा, उरल, डॅन्यूब अशा नद्यांत. पहिल्या पावसात आपल्याकडे चढणीचे मासे येतात ना, तसाच हा. फक्त याची चढण शेकडो किलोमीटरांची. डॅन्यूबमधून तो एके काळी पार हंगेरीच्याही वर जायचा. वाहत्या, थंड पाण्यात तळाच्या दगडगोट्यांना अंडी चिकटतात आणि पिल्लं प्रवाहाबरोबर समुद्राकडे उतरतात.

तुमच्याच बावड्याला राजाराम बंधारा आहे. पावसाळ्याच्या तोंडाला त्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात, नदी मोकळी होते, माशाला वाट मिळते. व्होल्गोग्राडच्या धरणाला बर्गे नाहीत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते झालं आणि व्होल्गेतल्या बेलुगाची वरची बहुतेक सगळी विणीची ठिकाणं तुटली. डॅन्यूबवर १९७२ मध्ये 'लोखंडी दरवाजा' नावाचं धरण उभं राहिलं, तिथंही तेच. हे मला फार लागतं, कारण शंभर वर्षं जगू शकणारा हा मासा आहे, आणि त्याच्या एका आयुष्यात त्याची वाट बंद झाली.

अंड्यांचं म्हणाल तर त्यांनाच कॅव्हिअर म्हणतात. अंड्यांसाठी मादी मारतात. ही मादी वयात यायलाच पंधरा-वीस वर्षं घेते आणि त्यानंतरही दरवर्षी वीत नाही. एक मादी गेली की तिची जागा भरायला मध्ये तुमच्या नातवाएवढी मुलं मोठी होऊन नोकरीला लागतात. १९९८ पासून सगळ्या स्टर्जनांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, तरी चोरटी मासेमारी चालते. आज तो 'अतिसंकटग्रस्त' गणला जातो.

पंचगंगेत का नाही? स्टर्जनचं सगळं कुळ उत्तर गोलार्धातल्या थंड पाण्याचं. भारतातल्या नद्यांत मूळचा एकही नाही. आपलं पाणी त्याला फार ऊन पडेल. पण नातवाला चढण बघायचीच असेल तर जूनमध्ये बर्गे निघाल्यावर नदी वाढायच्या आत बंधाऱ्यावर न्या, आणि लांबूनच, काठावरून दाखवा. उसळी मारणारे मासे बोटभर असतील. ते कुठं आणि कशासाठी निघालेत, हे आता तुम्हाला सांगता येईल.