रीस्टार्ट केल्यावर सिमलिंका लाल का होऊन राहिल्या

भाऊ, तुझं थोडक्यात असं झालंय ना, की 128 जीबीची एसएसडी भरली म्हणून लिनक्सच्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडीच्या जागी 1 टीबीची हार्डडिस्क बसवली, फोटो-व्हिडिओ तिच्यावर नेले, होममध्ये (आपल्या यूजर फोल्डरमध्ये) त्यांच्या सिमलिंका केल्या, सगळं मस्त चाललं आणि रीस्टार्ट केलं की लिंका लाल, म्हणजे तुटलेल्या. आणि शेवटी तू सहज लिहिलंस की फाइल मॅनेजरमध्ये ड्राइव्हवर एकदा क्लिक केलं की आपोआप बऱ्या होतात. अरे, उत्तर त्यातच आहे.

सिमलिंक म्हणजे नागपूरच्या इतवारीतल्या बंद दुकानावर लावलेली पाटी, "दुकान सक्करदऱ्याला हलवले आहे". पाटीत माल नसतो, नुसता पत्ता असतो, तिकडचं शटर उघडलंय की नाही हे तिला काय ठाऊक. तू क्लिक करेपर्यंत ड्राइव्ह माउंटच होत नाही (लिनक्सच्या फोल्डरांत जोडला जात नाही), म्हणजे शटर बंद. त्यातून डेस्कटॉप जे माउंट करतो ते /मीडिया/युजरनेम/लेबल असं करतो, आणि त्या नावाचं जुनं फोल्डर मागे राहिलेलं असलं तर लेबलच्या पुढे 1 लावून मोकळा होतो, की पत्ताच बदलला. म्हणून लिंका पुन्हा पुन्हा करत बसू नको, आधी माउंट पक्का कर.

(कमांडा इथे उच्चाराप्रमाणे लिहून राहिलो, टाईप इंग्रजीतच करायच्या. सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्कानं.)

सुडो बीएलकेआयडी चालवून त्या पार्टिशनचा (डिस्कच्या भागाचा) यूयूआयडी म्हणजे ओळख क्रमांक घे, /एमएनटी/डेटा असं फोल्डर बनव आणि एफएसटॅबमध्ये (कोणता ड्राइव्ह कुठे माउंट करायचा त्याची यादी असलेली फाइल) एक ओळ टाक: यूयूआयडी, /एमएनटी/डेटा, ईएक्सटी4, डिफॉल्ट्स,नोफेल, 0, 2. (ईएक्सटी4 म्हणजे लिनक्सचा डिस्क फॉरमॅट, नोफेल म्हणजे डिस्क नसली तरी बूट अडवू नको.) ते नोफेल विसरू नको बरं, नाहीतर कधी डिस्क सापडली नाही तर बूट 90 सेकंद वाट पाहतं आणि मग इमर्जन्सी मोडची काळी स्क्रीन तोंडावर येते. ओळ टाकली की रीस्टार्ट करायच्या आधी सुडो माउंट -ए करून पाहा, चूक असली तर तिथेच कळते. ड्राइव्ह एनटीएफएस (विंडोजचा फॉरमॅट) असेल आणि विंडोजही ठेवलं असेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद कर, त्याच्यापायी लिनक्समध्ये ड्राइव्ह बरेचदा रीड-ओन्ली होऊन बसतो.

आता लिंक. एलएन -एस, मग खरा पत्ता, मग लिंकचं नाव, हाच क्रम. जुनं पिक्चर्स फोल्डर आधी हलव किंवा त्याचं नाव बदल, ते जागेवर असलं तर लिंक गुपचूप त्याच्या आत जाऊन बसते आणि आपण बाहेर शोधत राहतो. पत्ता पूर्ण दे, स्लॅशपासून. अर्धा पत्ता तू कुठे उभा आहेस तिथून नाही तर लिंक जिथे ठेवलीय तिथून मोजला जातो, म्हणजे "पुढच्या चौकातून उजवीकडे" लिहिलेली चिठ्ठी सदरला नेऊन वाचल्यासारखं. लिंक दुसरीकडे वळवायची झाली तर एलएन -एसएफएन. आणि कोणी हार्डलिंक (एकाच फाइलला दुसरं नाव) सुचवली तर ते सोड, हार्डलिंक दोन ड्राइव्हच्या मधे होतच नाही, आयनोड (फाइलची आतली नोंद) ज्याच्या त्याच्या फाइलसिस्टिमपुरता असतो, आणि फोल्डरची तर ती करूच देत नाहीत.

काढताना नुसतं आरएम आणि लिंकचं नाव, नाहीतर अनलिंक. नावापुढे स्लॅश-स्टार लावून आरएम -आरएफ मारलंस तर लिंक राहील आणि तिकडचे फोटो जातील.

पण माझा घात वेगळ्याच ठिकाणी झाला. आरसिंक -ए या कॉपी करायच्या कमांडनं दर रविवारी बाहेरच्या डिस्कवर होमचा बॅकअप घ्यायचो, फार हुशार समजायचो स्वतःला. एका मे महिन्यात, बाहेर 45 डिग्री, कूलरही गरम हवा फेकून राहिला होता, आतली हार्डडिस्क कटकट करून मेली. बॅकअप उघडला तर पिक्चर्स आहे, पण साइज 16 बाइट. /एमएनटी/डेटा/फोटोज हे इंग्रजीत मोजलं तर बरोब्बर 16 अक्षरं भरतात. आरसिंक -ए लिंकला लिंक म्हणूनच कॉपी करतो, फोटो त्यानं कधी घेतलेच नव्हते, मी वर्षभर पाटीचा बॅकअप घेत होतो. भाचीच्या बारशाचे फोटो मग बहिणीच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून गोळा केले, धुरकट-धुरकट. तेव्हापासून /एमएनटी/डेटाचा बॅकअप वेगळा घेतो. आरसिंकला -एल मोठ्या अक्षरात दिलं तरी खऱ्या फाइली येतात, पण मग लिंकेमागची प्रत्येक गोष्ट येते, दोन लिंका एकाच फोल्डरवर असल्या तर दोनदा.

अजून एक, काही स्नॅप अ‍ॅप (उबंटूच्या बंदिस्त पॅकेजातली अ‍ॅप) लिंक दिसूनही आत जाऊ देत नाहीत, परमिशन नाही म्हणतात. कारण ते पाटी नाही तर खरा पत्ता तपासतात, आणि होमबाहेर त्यांना मनाई असते. तिथे सिमलिंकचा हट्ट सोड, एफएसटॅबमध्येच बाइंड माउंट कर (तेच फोल्डर दुसऱ्या जागीही जोडणं).

जुन्या लाल लिंका किती उरल्यात ते होममध्ये फाइंड . -एक्सटाइप एल चालवून दिसतं. ते ड्राइव्ह माउंट असताना चालव बरं का, नाहीतर चांगल्याही यादीत येतील आणि तू त्या उडवून मोकळा होशील. एफएसटॅबची ओळ अडली तर इथे टाक, पाहून घेऊ.